बाबा उंबऱ्यात अडकतात पण जिना चढून जातात, हे कसं काय?

मिरजकर
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. बाबांना (वय ७४) पार्किन्सन्स (कंपवात) आहे, निदान होऊन सहा वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, न्यूरॉलॉजिस्ट दर तीन महिन्यांनी बघतात, त्याबद्दल काही तक्रार नाही.

आमचं घर जुनं, माजघर आणि स्वयंपाकघराच्या मधे लाकडी उंबरा आहे, दोन इंच असेल नसेल. बाबा हळूहळू चालत येतात आणि उंबऱ्याशी आले की थांबतात. थांबतात म्हणजे पाय फरशीला फेविकॉलने चिकटवल्यासारखे. टाचा वर होतात, गुडघे थरथरतात, वरचं अंग पुढे झुकतं आणि पाऊल काही उचलत नाही. आई मागून "अहो उचला ना पाय, उचला की" करत राहते, त्याने अजूनच बिघडतं. आणि हाच माणूस गच्चीवर जायचा अठरा पायऱ्यांचा जिना कठड्याला नुसता हात लावून चढतो. काल मी मागेच होतो, एकदाही अडकले नाहीत.

शेजारचे काका सरळ म्हणाले, नाटकं आहेत, लक्ष वेधून घ्यायला करतात. आई बोलत नाही पण तिलाही मनातून तसंच वाटतं हे कळतं. बाबा आयुष्यभर शाळेत पीटी शिकवायचे, कबड्डी खोखोच्या टीम घेऊन जिल्हाभर फिरलेला माणूस, त्यांना हे ऐकून काय वाटत असेल. कुणाला शास्त्रीय कारण माहीत असेल तर सांगा, मला आईला समजेल असं सांगायचंय.

चिंचगुळ
नाटक नाही हो. माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच, फक्त त्यांचं लिफ्टचं दार. सोसायटीत सगळे खोळंबायचे आणि कुणीतरी हमखास खांद्याला धरून पुढे ढकलायचं, एकदा तोंडावर पडलेत. तुमचा धागा वाचून अंगावर काटा आला.

खवचट
उंबऱ्यात अडकणं हा आपला राष्ट्रीय आजार आहे, आमच्या ऑफिसात सगळी फाईल उंबऱ्यातच अडकते.
(सॉरी मिरजकर, राहवलं नाही. वाचतोय.)

पेन्सिल
तीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवलं त्यामुळे लांबण लागेल, आधीच माफी मागतो.

हालचालीचा हुकूम निघतो तो मेंदूवरच्या एका पट्टीतून. मुली हेअरबँड लावतात ना, साधारण त्याच रेषेत, या कानापासून त्या कानापर्यंत. माँट्रियलचे सर्जन पेनफिल्ड १९३० च्या दशकात ऑपरेशनच्या टेबलावर जाग्या पेशंटच्या मेंदूला बारीकसा विजेचा स्पर्श करून बघायचे (मेंदूला स्वतःला दुखत नाही, टाळू आणि वरचं आवरण बधिर केलं की झालं). एका ठिकाणी लावलं की अंगठा हलायचा, जरा सरकलं की ओठ. त्यातून शरीराचा नकाशा तयार झाला आणि तो नकाशा भलताच बेढब आहे, हात आणि तोंड अवाढव्य, पाठ चिमूटभर. जिथे बारीक काम जास्त तिथे जागा जास्त.

त्या पट्टीतून निघालेली पेशीची तार मेंदूच्या देठात बाजू बदलते, म्हणून डाव्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली की उजवा हात लुळा पडतो. मग ती कण्यातून खाली उतरते आणि दुसऱ्या पेशीला निरोप देते, ती दुसरी थेट स्नायूपर्यंत. म्हणजे मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कमीत कमी दोनच पेशींत काम होतं, आणि त्यातली कमरेतून पावलाकडे जाणारी एकटी पेशी मीटरभर लांब असते! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंपण वर बघायची.

आता मिरजकर, मुद्द्याची गोष्ट. तुमच्या बाबांची ही तार शाबूत आहे. तार तुटली असती तर जिनाही चढता आला नसता. बिघाड तारेत नाही, तार कधी चालू करायची ते ठरवणाऱ्या खात्यात आहे. मेंदूच्या पोटात खोलवर बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे गठ्ठे असतात. त्यांची एकही तार थेट स्नायूकडे जात नाही. त्यांचं काम सगळ्या हालचालींवर ब्रेक दाबून धरणं आणि हवी त्या हालचालीपुरता तो सैल करणं. सैल करायला डोपामिन लागतं आणि ते बनवणाऱ्या पेशी खरोखर काळपट दिसणाऱ्या एका छोट्या जागेत असतात, नावच सब्स्टॅन्शिया नायग्रा, काळा पदार्थ. पार्किन्सन्समध्ये या पेशी मरत जातात. डोपामिन कमी, ब्रेक सुटत नाही. बाबांची इच्छा पोचलीये, स्नायू तयार आहेत, मधला माणूस सही करत नाहीये.

खवचट
म्हणजे फाईलच की. मी म्हणालो होतो.

पेन्सिल
@खवचट, हसू नका, पण हो.

मिरजकर
सर, हे फार छान सांगितलंत, आईला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: मग जिन्यावर सही कोण करतं?

निशिगंध
मी फिजिओथेरपिस्ट, पार्किन्सन्सचे पेशंट रोजचे आहेत. काकूंचा प्रश्न एकदम बरोबर ठिकाणी लागलाय.

सपाट जमिनीवर आपण चालतो ते न बघता, न ठरवता. पुढचं पाऊल कधी टाकायचं याची खूण आतूनच येत राहते आणि ते काम बेसल गँग्लियाचं. तेच खातं आजारी, म्हणून पावलं लहान होत जातात आणि दार, अरुंद बोळ, वळण, नाहीतर कुणीतरी घाई केली की पूर्ण बंद. पायऱ्यांवर मात्र प्रत्येक पावलाची खूण बाहेर मांडलेली असते. कड दिसते, डोळे सांगतात इथे ठेव. डोळ्यांकडून येणाऱ्या माहितीवर होणारी हालचाल मेंदूच्या मागच्या-वरच्या भागातून आणि लहान मेंदूच्या मदतीने, दुसऱ्या वाटेने होते असं मानतात, आणि ती वाट बऱ्यापैकी शाबूत असते. मुख्य रस्ता बंद, गल्लीतून गाडी काढली.

मग उंबराही दिसतोच की, असं विचाराल. पण उंबरा एकटाच असतो आणि तोही दारात, त्यामुळे तो खूण न होता अडथळा होतो. खुणा एकामागे एक हव्यात. लंडनचे न्यूरॉलॉजिस्ट पर्डन मार्टिन यांनी १९६० च्या दशकातच जमिनीवर आडवे पट्टे आखून असे पेशंट चालवून दाखवले होते. महत्त्वाचं: पट्टे आडवे, चालण्याच्या दिशेला काटकोनात. उभे आखले तर उपयोग नाही.

तुम्ही घरी करून बघा. फरशीच्या रंगात उठून दिसेल अशी रुंद चिकटपट्टी, बाबांच्या चांगल्या पावलाएवढ्या अंतरावर, उंबऱ्याच्या अलीकडे चार आणि पलीकडे दोन. पट्टीवरून पाय टाकायचा, पट्टीवर नाही. आणि आईंना सांगा "उचला उचला" अजिबात नाही. अडकले की आधी पूर्ण थांबायचं, सरळ उभं राहायचं, वजन एकदा डाव्या पायावर एकदा उजव्यावर डोलवायचं, मग एकच मोठं पाऊल. मागून ढकलायचं नाही, हात धरून ओढायचंही नाही. गोळीचा असर उतरल्यावरच अडकतात की असर असतानाही, हे आठवडाभर वेळेसकट लिहून डॉक्टरांना दाखवा, त्यावर डोसचं वेळापत्रक ठरतं. आणि जिना चढतात म्हणून एकटं सोडू नका, उतरताना तर नाहीच.

तबला_डग्गा
विषय थोडा बाजूला नेतो पण मला वाटतं तोच आहे. वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी तबला शिकायला घेतला. तीनतालाचा ठेका तोंडाने फाडफाड म्हणतो, हात मात्र "तिं तिं ता" ला डग्गा बंद ठेवायच्या ऐवजी घुमवतोच. सर म्हणतात बोटाकडे बघू नकोस, बघितलंस की बिघडतं. आणि खरंच, परवा लाईट गेले, अंधारात वाजवत बसलो तर दहा मिनिटं न चुकता. इकडे बाबांना बघितल्याने जमतंय आणि मला न बघितल्याने. मग नियम काय?

पेन्सिल
नियम असा की नवीन शिकताना लक्ष लागतं आणि मुरल्यावर लक्ष नडतं. मुरलेलं काम त्याच आतल्या खात्याकडे आणि लहान मेंदूकडे गेलेलं असतं. लहान मेंदू म्हणजे मानेच्या वर, मागच्या बाजूला. वजनाने मेंदूच्या दहाव्या भागाएवढा, पण मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज मज्जापेशींपैकी ६९ अब्ज त्या एवढ्याशा भागात. तो काय करतो, तर हात निघण्याआधीच तो कुठे पडणार याचा अंदाज बांधतो आणि चूक झाली की पुढच्या खेपेला दुरुस्त करतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत तेही यामुळेच, स्पर्श येणार हे त्याला आधीच माहीत असतं.

आणि हाताचं शिकणं ही आठवणींपेक्षा वेगळीच वस्तू आहे. एच. एम. नावाने ओळखला जाणारा अमेरिकन पेशंट, १९५३ मध्ये फिट्ससाठी ऑपरेशन झालं आणि नवीन आठवण साठवणंच संपलं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आरशात हात उलटा जातो, करून बघा, चिडायला होतं. तीन दिवसांत गडी सफाईदार गिरवायला लागला, आणि दर दिवशी म्हणायचा, हे मी आधी कधी केलेलं नाही.

खवचट
आता सगळ्यांनी ऑफिसात बसून करायचा प्रयोग. खुर्चीत बसा, उजवा पाय जरा उचलून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल गोल फिरवा. फिरवत असतानाच उजव्या हाताने हवेत सहाचा आकडा काढा. बघा पायाचं काय होतं ते.

चिंचगुळ
पाय उलटा फिरला!!! मराठी ६ काढायचा का इंग्रजी पण?

खवचट
दोन्ही करून झाले, दोन्हीला बंड करतो. डाव्या हाताने काढा, बराच सोपा जातो. बॉस येऊन उभा राहिला होता, त्याच्याकडूनही करवून घेतला.

झाडीपट्टी
पेन्सिल सर, ते दोन पेशींचं वाचून एक जुनी गोष्ट आठवली. आमच्याकडे धान निघालं की त्याच बांधीत ओलीवर लाखोळी (लाख डाळ) टाकतात. लहानपणी गावात दोन म्हातारे होते, काठ्या घेऊन चवड्यावर चालायचे, पाय एकमेकांत कैचीसारखे अडकायचे. पाय वाळलेले नव्हते, उलट लाकडासारखे ताठ. आजी म्हणायची दुष्काळात नुसती लाखोळी खाऊन पाय गेले. आणि माझ्या वर्गात एक पोलिओ झालेला मुलगा होता, त्याचा पाय पार वेगळा, बारीक आणि लोंबता. दोन्ही लंगडेच पण हा फरक का, ते कधी कुणी सांगितलं नाही.

पेन्सिल
काय प्रश्न विचारलात हो. अख्खा धडा आहे हा.

लाखोळीत एक विषारी अमिनो आम्ल असतं. भाजीभाकरीसोबत अधूनमधून खाल्लेल्या डाळीने सहसा काही होत नाही, पण महिनोन्‌महिने पोट भरायला तीच असेल तर वरची पेशी जाते, म्हणजे मेंदूकडून कण्यात उतरणारी, आणि त्यातही पायांची. खालची पेशी जिवंत असते. तिला वरून आवर घालणारं कुणी उरत नाही म्हणून स्नायू सतत आवळलेला, गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय उसळतो. पोलिओचा विषाणू नेमका उलटं करतो, कण्यातली खालची पेशी मारतो. मेंदू हुकूम सोडतोय पण स्नायूपर्यंत तार नाही. स्नायू सैल पडतो, झिजतो, हातोडी मारा नाहीतर काही करा, पाय गप्प. डॉक्टर ती रबरी हातोडी घेऊन एवढंच शोधत असतात, तुटलंय ते वर की खाली.

देशात १९६१ साली लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली होती, ती या पायांमुळेच. पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा आपल्याकडचा शेवटचा रोगी २०११ चा, हावड्याचा, आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तुमच्या वर्गातल्या मुलासारखं मूल आता दिसत नाही हे किती मोठं आहे ते कळायला आपल्या वयाचं असावं लागतं.

झाडीपट्टी
आजी असती तर तिला सांगितलं असतं. ती शेवटपर्यंत त्या दोघांना करणीच समजायची, अर्धी लाखोळी आणि अर्धी करणी.

रात्रपाळी
नर्स आहे, ड्यूटीवरून लिहितेय, चुका माफ करा. सगळे मेंदूकडून खाली जाणाऱ्या तारेबद्दल बोलताय, खालून वर येणारीबद्दल कुणी नाही. इयान वॉटरमन नावाचा इंग्लिश माणूस, १९७१ मध्ये १९ वर्षांचा, मटणाच्या दुकानात काम करायचा. तापाचं निमित्त झालं आणि मानेखालची, हातपाय कुठे आहेत ते सांगणारी संवेदनाच गेली. स्नायू चांगले, हलवणाऱ्या नसा चांगल्या, दुखणं आणि गरम-गार कळायचं. पण डोळे मिटले की हात कुठेय ते माहीत नाही, उभं राहायला गेला की ढिगासारखा कोसळायचा. मग महिनोन्‌महिने बसून, प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघून, आधी ठरवून मग करायची, असं स्वतःला शिकवलं. चालायला लागला, पण लाईट गेले की खाली.

आमच्या वॉर्डात जुन्या डायबेटिसचे आजोबा तोंड धुताना डोळे मिटले की बेसिनवर तोल जातो म्हणतात ना, ते याचंच छोटं रूप. तबलावाले, तुम्ही अंधारात वाजवू शकता कारण ही वर येणारी तार तुमच्याकडे आहे. रोज आभार माना तिचे.

डचवाडी
नेदरलँड्समधून. इथल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक केस छापली होती, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. ५८ वर्षांचा पार्किन्सन्सचा पेशंट, चार पावलं टाकली की अडकून पडायचा, आणि त्यालाच सायकलवर बसवलं तर रस्त्यावर मस्त वळण घेऊन परत आला. उतरल्यावर पुन्हा जागच्या जागी. मिरजकर, शेजारच्या काकांना हा किस्सा सांगा. सायकलवर नाटक संपतं आणि उतरल्यावर सुरू होतं असं कसं?

बटवा
एवढं कशाला, खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण दुधातून द्या. आयुर्वेदात कंपवातावर हेच आहे. निसर्गात सगळं आहे पण आपल्याला गोळ्याच पाहिजेत.

निशिगंध
@बटवा, खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, ज्याचं मेंदूत डोपामिन बनतं, हे खरं आहे. पण गोळीतही लेव्होडोपाच आहे! गोळी चालू असताना वरून चूर्ण म्हणजे किती डोस गेला कुणालाच माहीत नाही. मग अंग वेडंवाकडं हलणं, बीपी पडणं, भास होणं. डॉक्टरांना न विचारता प्लीज कुणीही देऊ नका.

पेन्सिल
यात मजेची गोष्ट अशी की दामोदरन आणि रामस्वामी यांनी त्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं ते १९३७ मध्ये, आणि तेव्हा त्याचा या आजाराशी संबंध कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने रोगाचं वर्णन लिहिलं त्याला तोवर १२० वर्षं झालेली, १८१७ चं ते. मग १९५७ च्या सुमारास स्वीडनमध्ये कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, जे आपल्या सर्पगंधेत सापडतं. ससे कान पाडून निपचित. त्यांना डोपा टोचलं तर थोड्या वेळात उठून हिंडायला लागले. तिथून कळलं की हालचालीला डोपामिन लागतं. कोट्झियस यांनी १९६७ मध्ये माणसांना तोंडाने, हळूहळू वाढवत मोठा डोस दिला तेव्हा कुठे औषध हाती आलं. कार्लसनना २००० चं नोबेल. दोन्ही झाडं आपल्या कुंपणावरची, मधली साखळी मात्र जोडायला इतकं फिरावं लागलं.

बटवा
बरं. मी डोसचा विचार केला नव्हता. पण नाव आपल्याच झाडांचं निघालं की नाही?

मिरजकर
उशिरा अपडेट देतोय, मधे ऑफिसची धावपळ होती.

पिवळी इलेक्ट्रिकची टेप आणली, रविवारी दुपारी बाबा झोपलेले असताना लावली. अलीकडे चार, पलीकडे दोन. अरुंद होती म्हणून दोन-दोन पट्ट्या शेजारी चिकटवल्या. संध्याकाळी चहाला हाक मारली आणि आईला तोंडावर हात ठेवून उभं केलं. बाबा आले, पहिल्या पट्ट्याशी थांबले, खाली बघितलं. मला वाटलं झालं, अडकले. तर एक पाऊल, दुसरं, तिसरं, उंबरा, आत. आई ओट्याशी पाठ करून उभी राहिली आणि बराच वेळ उगाचच चहा गाळत होती.

रोज जमतं असं नाही. गोळीची वेळ जवळ आली की पट्टे असूनही अडकतात, ते सगळं वहीत लिहितोय, पुढच्या भेटीत दाखवणार. बाथरूमच्या दाराशी टेप टिकतच नाही, ओल्याने निघते, तिथे काय करायचं ते निशिगंध सांगा. शेजारच्या काकांना सायकलवाला किस्सा सांगितला, ते "असेल बुवा" म्हणाले, त्यांच्याकडून एवढं खूप झालं.

आणि बाबा. चहा पिऊन झाल्यावर परत दारापर्यंत गेले, पट्ट्यांकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "तिसरा तिरका आहे. दोरी न धरता फक्की मारली की असंच होतं." उद्या दोरी धरून परत लावायचाय, दोरीचं एक टोक तेच धरणार आहेत.

निशिगंध
बाथरूमला टेप नको, पाय घसरेल. बाहेरच्या बाजूला ऑइलपेंटने पट्टे रंगवून घ्या, पीटीच्या सरांना विचारून.